क्लॅरिनेटच्या वरच्या टप्प्यातला स्वर बारीक आणि चिरका लागतो. दोष कुठे शोधावा?

तारषड्ज (धागाकर्ता)

मी गेली चार वर्षे बी-फ्लॅट क्लॅरिनेट शिकत आहे. वाद्य बोहम पद्धतीच्या चाव्यांचे आहे, रीड, म्हणजे तोंडात धरायच्या माउथपीसला लावलेली बोरूची कंप पावणारी पट्टी, तीन क्रमांकाच्या कडकपणाची आहे आणि रोज साधारण तासभर रियाज होतो. खालच्या टप्प्यातला, म्हणजे शालूमोतला, आवाज आता बराच गोल आणि भरीव लागतो. अडचण वरच्या स्वरांची आहे. डाव्या अंगठ्याने टप्पा बदलणारी रजिस्टर चावी दाबून क्लॅरियन या वरच्या टप्प्यात गेल्यावर पाचरेघीच्या (स्वरलेखनातल्या पाच रेघांच्या) लगेच वरच्या जी पर्यंत सगळे ठीक असते. पहिल्या सहायक रेघेवरच्या ए पासून मात्र आवाज बारीक होऊ लागतो, दुसऱ्या सहायक रेघेवरच्या सी पर्यंत तो पिळवटल्यासारखा होतो, आणि त्यापुढचे सी शार्प, डी व ई हे अल्टिसिमो या सर्वांत वरच्या टप्प्यातले स्वर एक तर उमटतच नाहीत, नाहीतर चिरके आणि चढे उमटतात. ट्यूनरवर डी वीस-पंचवीस सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) चढा दिसतो. अर्ध्या तासात जबडा दुखू लागतो आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांचे वळ उठतात.

हा दोष ओठांच्या पकडीचा आहे, फुंकेचा आहे, रीडचा आहे की वाद्याचाच आहे, आणि तो शोधायचा झाल्यास कोणत्या क्रमाने शोधावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. स्वरांची नावे मी लिहिलेल्या संकेतनाप्रमाणे दिली आहेत, प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीप्रमाणे नाहीत.

बोरू

माझ्या अनुभवात वरचे स्वर कोंडण्याचे पहिले कारण नरम रीड हे असते. फुंकेचा जोर वाढला की नरम रीड माउथपीसच्या टोकाला चिकटू पाहते, तिला पुरेसे हलता येत नाही आणि स्वर गळा दाबल्यासारखा येतो. तुम्ही साडेतीन क्रमांकाची रीड लावून पाहावी. पहिले काही दिवस जड वाटेल, पण वरचा आवाज भरेल.

दमसास

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि याचे कारण धागाकर्त्याच्या वर्णनातच आहे. रीड फार नरम असती तर वरचे स्वर कोंडले असते हे खरे, परंतु ते उतरले असते. इथे डी वीस सेंट चढा आहे, जबडा दुखतो आहे आणि ओठावर वळ आहेत. ही तिन्ही लक्षणे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: वर जाताना तुम्ही खालच्या जबड्याने रीड दाबत आहात, चावत आहात. अशा स्थितीत अधिक कडक रीड लावली, तर ती वाजवण्यासाठी तुम्ही आणखी जोराने चावाल आणि ही सवय मोडायला पुढे कितीतरी महिने लागतील.

रीड, माउथपीस, वाद्य यांपैकी काहीही बदलण्यापूर्वी एक चाचणी करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाचरेघीच्या खाली दुसऱ्या सहायक रेघेवरचा ए धरा. डावा अंगठा, डाव्या हाताची तीन बोटे आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटे, एवढीच त्याची बोटे आहेत. हा स्वर मध्यम जोराने, सलग, दम पुरेल तोपर्यंत धरून ठेवा आणि दुसऱ्या एखाद्या माणसाला तुम्हाला न सांगता मध्येच रजिस्टर चावी उघडायला सांगा. ती केव्हा उघडणार हे तुम्हाला ठाऊक नसल्यामुळे ओठ, जबडा किंवा जीभ आधीच आवळून घेण्याची संधी तुम्हाला मिळणार नाही. खालचा ए जिथे होता तिथून पाचरेघीच्या सर्वांत वरच्या घरातला ई सहज, खरखर न होता, उमटला पाहिजे. तो उमटून स्थिर झाला की त्याच फुंकेत डाव्या हाताची तर्जनी भोकावरून उचला. आता सी शार्प उमटला पाहिजे, तोच सी शार्प जो एरवी तुमच्याकडून निघत नाही.

या तीन स्वरांत तोंडातले काहीही बदलायचे नाही. बदलतात ती फक्त एक चावी आणि एक बोट. ई उमटताना आवाज फुटला किंवा मूळचा ए मागे गुरगुरत राहिला, तर तुमचा खालचा ए जसा वाजायला हवा तसा वाजत नाही, असे समजा. हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा मलाही पटले नव्हते, कारण माझाही खालचा आवाज छान आहे असेच सगळे म्हणत. पण शालूमो टप्पा फार क्षमाशील आहे. ढिली फुंक, पसरलेली जीभ आणि सैल ओठ असतानाही तो गोड लागतो. वर गेल्यावर तीच ढिली फुंक अपुरी पडते आणि ती उणीव भरून काढायला जबडा धावतो. म्हणून वरच्या स्वराचा रियाज खालच्या स्वरापासून सुरू करावा लागतो. खालचा ए असा वाजवायचा की वरचा ई आणि सी शार्प त्यातच तयार असतील.

तंबोरा लक्ष देऊन ऐकलेल्यांना हे लवकर समजते. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा स्वर असतो. खालच्या ए वरून मिळणारा सी शार्प हा त्याच नात्याचा, दोन सप्तके वरचा गंधार आहे. तो आपण बाहेरून आणत नाही, आतला मोकळा करतो.

नादरेषा

दमसास यांनी सांगितलेल्या चाचणीमागचे ध्वनिशास्त्र थोडे विस्ताराने मांडते, कारण ते कळले की वरच्या टप्प्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी हेही कळते.

क्लॅरिनेटची नळी बहुतांशी दंडगोल असते आणि रीडकडचे टोक ध्वनीच्या दृष्टीने बंद असते. अशा नळीत मूळ कंपनाच्या एक, तीन, पाच अशा विषम पटींचे अनुनाद बळकट असतात. म्हणूनच बासरी किंवा सॅक्सोफोन जोराने फुंकल्यावर वरचे सप्तक मिळते, तर क्लॅरिनेटमध्ये त्याऐवजी बारावा स्वर मिळतो. खालचा ए हा पहिला, ई तिसरा आणि सी शार्प पाचवा अनुनाद आहे. रजिस्टर चावीचे छोटे भोक मूळ कंपन मोडते आणि तिसऱ्याला वाट देते. तर्जनी उचलल्यावर उघडणारे भोक हे अशीच दुसरी वाट असते आणि ते पाचव्या अनुनादाला पुढे आणते.

तत्त्वतः प्रत्येक स्वरासाठी रजिस्टरचे भोक वेगळ्या ठिकाणी, नळीच्या त्या स्वरापुरत्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर हवे. प्रत्यक्षात सगळ्या क्लॅरियन टप्प्यासाठी एकच भोक असते आणि त्याच भोकाकडून पाचरेघीच्या मधल्या रेघेवरचा बी फ्लॅटही काढून घ्यायचा असतो. त्यामुळे त्याची जागा आणि त्याचा आकार ही तडजोड आहे. उत्तम वाद्यातही बाराव्यांचे अंतर सगळीकडे तंतोतंत जुळत नाही, हे लक्षात ठेवले म्हणजे प्रत्येक चढउताराचा दोष स्वतःकडे घ्यावा लागत नाही.

माझ्या मते यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्लॅरिनेटच्या उघड्या भोकांची रांग साधारण १५०० हर्ट्झपर्यंतच्या लहरी नीट परतवते. त्यावरच्या लहरी भोके ओलांडून नळीतून पुढे निघून जातात आणि त्यांना नळीचा आधार फारसा मिळत नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा ई प्रत्यक्षात सुमारे १४७ हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याच्या दहाव्या पटीपर्यंतचे घटक या मर्यादेच्या आत येतात. दुसऱ्या सहायक रेघेवरचा सी सुमारे ९३२ हर्ट्झचा असतो. त्याची दुसरी पटच १८६४ हर्ट्झवर जाते, म्हणजे मर्यादेच्या आत उरते ते केवळ मूळ कंपन. खालच्या ई मध्ये जो दाटपणा आहे तो वरच्या सी मध्ये कधीच येणार नाही, आणि तो आणण्याच्या हट्टापायी माणसे ओठ आवळत बसतात. वर अपेक्षा ठेवायची ती स्थिर, मोकळ्या आणि वर्तुळासारख्या बंदिस्त स्वराची.

तारषड्ज (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. चाचणी आजच केली. रजिस्टर चावी उघडल्यावर ई उमटला, पण आधी अर्धा क्षण आवाज फुटला आणि मागे गुरगुर राहिली. तर्जनी उचलल्यावर सी शार्प आलाच नाही. जबडा वापरायचा नाही हे पटले, पण मग वरच्या स्वरासाठी नेमके काय वापरायचे, हे कळत नाही. नुसती फुंक जोरात केली तर स्वर फक्त मोठा आणि खरखरीत होतो.

दमसास

जोर आणि वेग यांत फरक आहे. नळाला लावलेल्या रबरी नळीच्या तोंडावर अंगठा धरला की तेवढेच पाणी लांब जाते. क्लॅरिनेट वाजवताना हा अंगठा म्हणजे जीभ. जिभेचा मागचा भाग खाली पडलेला असेल तर पोटातून कितीही हवा आली तरी ती तोंडात पसरते. 'ही' हा उच्चार आवाज न करता, केवळ श्वासाने करून पाहा. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना लागतात आणि हवा मधल्या अरुंद वाटेने पुढे जाते. क्लॅरियन टप्प्यासाठी ही ठेवण पुरते. अल्टिसिमोत गेल्यावर 'शी' म्हणताना होते तशी जीभ किंचित पुढे सरकते. गळा मात्र कधीही आवळायचा नाही. ज्यांना शीळ घालता येते त्यांनी खालच्या स्वरातून वरच्या स्वरात शीळ नेऊन पाहावी. तिथे ओठ जवळजवळ स्थिर असतात आणि सगळे काम जीभ करते.

जीभ खरोखर काम करते आहे की नाही, हे तपासण्यासाठी दुसऱ्या सहायक रेघेवरचा सी धरा आणि बोटे, ओठ, जबडा यांना न हलवता, केवळ जिभेचा मागचा भाग हळूहळू खाली आणून तो स्वर अर्ध्या सुराने उतरवा, मग तसाच सावकाश परत जागेवर आणा. सुरुवातीला काहीच घडणार नाही. चार-सहा दिवसांनी स्वर थोडा वाकू लागेल. ज्या दिवशी तो अर्धा सूर उतरून पुन्हा वर येईल, त्या दिवशी जीभ तुमच्या ताब्यात आली असे समजा. आरशासमोर बसा, म्हणजे हनुवटी हलते का ते दिसेल. हनुवटी सपाट आणि खाली ताणलेली राहिली पाहिजे, तिच्यावर सुरकुत्यांचा गोळा जमता कामा नये.

नादरेषा

जिभेच्या या भूमिकेला मोजमापाचाही आधार आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील ध्वनिशास्त्रज्ञांनी क्लॅरिनेट वाजत असताना वादकाच्या तोंडातील आणि गळ्यातील अनुनाद मोजले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध केले. अमेरिकी संगीतकार गर्श्विन यांच्या १९२४ च्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'च्या आरंभी क्लॅरिनेटची जी प्रसिद्ध सलग वर चढणारी मींड आहे, तिच्या वरच्या भागात निष्णात वादक आपल्या तोंडाचा अनुनाद स्वराच्या जवळ नेऊन स्वराला ओढत नेतात, असे त्यात दिसले. वरच्या स्वरांना नळीचा अनुनाद कमी बळ देतो, त्यामुळे तोंडाचा प्रभाव तिथे वाढतो. खालच्या टप्प्यात नळीच इतकी बलवान असते की जीभ कुठेही असली तरी स्वराची उंची फारशी बदलत नाही. धागाकर्त्यांना चार वर्षे जिभेची चुकीची ठेवण जाणवली नाही, त्याचे हेच कारण असावे.

चावीदुरुस्ती

वाद्य तपासल्याशिवाय माणसाला दोष देऊ नये, म्हणून माझे थोडे. मी वाद्यांची दुरुस्ती करतो. वरचे स्वर येत नाहीत म्हणून आणलेल्या क्लॅरिनेटमध्ये कुठून तरी हवा गळते आहे, असे मला बऱ्याचदा आढळते. वरचा जोड वेगळा काढा, त्याची सगळी भोके बोटांनी बंद करा, खालचे टोक तळहाताने दाबा आणि वरच्या टोकाने हवा ओढा. ओढलेला ताण काही सेकंद टिकला पाहिजे आणि तोंड दूर करताच फट्दिशी आवाज आला पाहिजे. ताण लगेच सुटत असेल तर चावीखालची, भोक झाकणारी एखादी गादी नीट बसत नाही. खालच्या जोडाचीही अशीच परीक्षा करता येते, मात्र त्यासाठी करंगळीच्या चाव्याही दाबून धराव्या लागतात.

रजिस्टर चावीखाली वाद्याच्या आत एक बारीक धातूची नळी उतरलेली असते. तिचे भोक जेमतेम तीन मिलिमीटरचे असते आणि श्वासातला ओलावा, स्वच्छतेच्या कापडाचे धागे तिथे साचतात. ते थोडे जरी बुजले तरी मधला बी फ्लॅट घुसमटतो आणि वरचे स्वर फुटतात. आणखी एक गोष्ट: डावी तर्जनी उचलताना ती शेजारच्या ए किंवा जी शार्पच्या चावीला नकळत स्पर्श करत नाही ना, ते पाहा. केसभर जरी ती चावी उघडली तरी सी शार्प येणार नाही. तर्जनी उंच उचलण्याऐवजी खाली वळवून भोक अर्धे उघडले तरी चालते, आणि सलग जोडून वाजवताना तेच अधिक सुकर पडते.

बोरू

दमसास यांचा मुद्दा मला मान्य आहे. स्वर चढा आहे, हे मी लक्षात घेतले नव्हते आणि घाईने कडक रीड सुचवली. ती सूचना मागे घेतो. तरीही रीडबाबत काही गोष्टी इथे नोंदवणे उपयोगी ठरेल.

रीडचा क्रमांक स्वतंत्रपणे काही सांगत नाही. एका उत्पादकाची तीन आणि दुसऱ्याची तीन यांत फरक असतो. शिवाय माउथपीसच्या टोकाशी रीड आणि कडा यांत किती फट आहे, यावर रीडची निवड ठरते. क्लॅरिनेटच्या माउथपीसमध्ये ही फट साधारण एक ते सव्वा मिलिमीटरच्या दरम्यान असते. फट मोठी असेल तर नरम रीड लागते, लहान असेल तर कडक.

रीडचे टोक सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे असते आणि बोरूची वाढ दोन्ही बाजूंनी सारखी नसते. म्हणून माउथपीस तोंडात किंचित डावीकडे फिरवून एकदा आणि उजवीकडे फिरवून एकदा फुंकावे. ज्या बाजूने आवाज अडतो ती बाजू जाड आहे आणि ती अगदी अलगद घासावी लागते. बसवतानाही केसाएवढा फरक पुरतो. रीड माउथपीसच्या टोकापेक्षा किंचित वर बसवली तर ती कडक वागते, किंचित खाली बसवली तर नरम. वरच्या स्वरांची तक्रार घेऊन बसण्यापूर्वी हा एवढा बदल करून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. टोकाशी लाटा पडलेली रीड मात्र ओली करून काचेवर सपाट होऊ द्यावी, आणि ती तशी होत नसेल तर टाकून द्यावी.

दमसास

एक राहिले. माउथपीस तोंडात किती घ्यावे याचा अंदाज घेण्यासाठी रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये पातळ कागद सरकवावा. तो जिथे अडतो तिथे रीड आणि माउथपीस एकमेकांपासून दूर होऊ लागतात, आणि खालच्या ओठाचा आधार त्या जागेच्या आसपास असावा. त्याहून कमी घेतले की रीडचे टोकच दाबले जाते आणि आवाज चिमटल्यासारखा येतो. धागाकर्त्यांच्या वर्णनावरून ते कमी घेत असावेत, असे मला वाटते. उजव्या अंगठ्याने वाद्य किंचित वर, वरच्या दातांकडे रेटले म्हणजे जबड्याला रेटण्याची गरज वाटत नाही.

पकड योग्य आहे का हे कळण्यासाठी केवळ माउथपीस आणि बॅरल (त्याखालचा छोटा जोडतुकडा) जोडून फुंकावे. ट्यूनरवर साधारण एफ शार्प (प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या पट्टीतला) दिसला पाहिजे. त्याहून स्पष्टपणे चढा स्वर आला तर चावणे चालू आहे, उतरला तर ओठ ढिले आहेत किंवा जीभ खाली आहे.

तारषड्ज (धागाकर्ता), पाच आठवड्यांनंतर

सविस्तर अहवाल देणे मला कर्तव्य वाटते. वाद्याची हवा गळत नव्हती, परंतु रजिस्टरच्या नळीत कापडाचे धागे सापडले आणि ते काढल्यावर मधला बी फ्लॅट लगेच उजळला. माउथपीस आणि बॅरलवर माझा स्वर जवळजवळ जी पर्यंत चढत होता. कागदाची खूण पाहिल्यावर मी जवळपास तीन मिलिमीटर कमी घेत होतो, हे कळले. पहिले दहा दिवस रोज वीस मिनिटे केवळ खालचा ए, ई आणि सी शार्प हेच केले. रीड तीच आहे.

आता सी पर्यंतचा क्लॅरियन टप्पा पिळवटलेला लागत नाही. सी शार्प आणि डी येतात, डी अजून आठ-दहा सेंट चढा असतो. ओठावर वळ उठत नाहीत. सर्वांत आश्चर्य वाटले ते खालच्या आवाजात पडलेल्या फरकाचे. तो पूर्वीपेक्षा कमी पसरट आणि अधिक नेमका झाला आहे.

ई मात्र अजून हट्टी आहे. जोडून वाजवला तर येतो, जिभेने सुरू केला तर आधी खालचा कुठला तरी स्वर घोगरा उमटतो आणि मग ई लागतो.

दमसास

पाच आठवड्यांत एवढा फरक पडणे म्हणजे तुम्ही खरोखर कष्ट घेतले आहेत. ई च्या आधी घोगरा स्वर उमटतो, कारण जीभ रीडवरून उठते त्या क्षणी हवेचा वेग तयार नसतो. तो नंतर वाढतो आणि तेवढ्या वेळात खालचा अनुनाद जागा होतो. जीभ रीडला टेकलेली असतानाच पोटातून दाब पूर्ण तयार ठेवा आणि मग जिभेचे टोक फक्त दूर करा, आघात करू नका. जीभ मागे खेचली गेली की 'ही' ची ठेवण मोडते.

त्याआधी दोन आठवडे ई जिभेशिवाय, नुसत्या श्वासाने सुरू करा. आधाराला पाचरेघीच्या खालच्या सी वर या: डावा अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटे. रजिस्टर चावी उघडली की पाचरेघीवरचा जी, आणि तर्जनी वळवून उजव्या करंगळीने ई फ्लॅटची चावी दाबली की तुमचा ई. जी वरून ई वर सलग जा, ई धरून ठेवा, मग वाद्य ओठांवरून न काढता फुंक थांबवा, जीभ आणि ओठ जसे आहेत तसेच ठेवा आणि त्याच ठेवणीत पुन्हा श्वासाने ई सुरू करा. तो दहापैकी आठ वेळा स्वच्छ लागू लागला की मग जिभेचे टोक रीडला लावा.